साठ ताटल्यांवरची खिडकी

चिंगदेचेन, आठवा महिना, तिथी तिसरी

ती. सूचिनताईस वेनथाओचा सा. न. वि. वि.

चिनी मातीच्या साठ कोऱ्या ताटल्या गवतात बांधून नावेने धाडल्या आहेत. सोबत बांबूचे सुके कोंब आहेत. मिंगचूला आवडतात, सगळे शेजारणींना वाटू नकोस. माझी पोर तुझ्या हाताखाली वर्षभर टिकली, याचं मला नवल वाटतं. मी लहानपणी एक दिवसही टिकलो नव्हतो.

आपलं ठरलं आहे ते लक्षात ठेव. हे तिचं पहिलं स्वतंत्र काम. डच व्यापाऱ्याने माल उचलला तर ती तिथेच राहून चित्रं रंगवील. नाही उचलला तर नव्या वर्षाला घरी येईल आणि तिचं लग्न होईल. मुलाकडचे दोनदा विचारून गेले.

धाकट्यावर माया असू दे, रागावलीस तरी.

वेनथाओ


कँटन, दहावा महिना, तिथी पाचवी

चि. वेनथाओ यास अनेक आशीर्वाद.

माल परत आला. हे आधीच लिहिते, नाहीतर तू पत्र शेवटापासून वाचतोस.

व्यापाऱ्याने नमुन्याला दिलेलं विलायती छापील चित्र होतं. झाडाखाली बाई, शेजारी मेंढी, बाईच्या एकाच पायात बूट. दुसरा कुठे गेला, ते आम्ही विचारत नाही. कागदावर आहे ते सगळं काढायचं, नाही ते काढायचं नाही, हा आमचा नियम. मिंगचूने मेंढीची लोकर केसाकेसाने उतरवली. पण तो कागद जहाजातून चौघडी होऊन आला होता. घडीच्या मळक्या रेषा, एक उभी, एक आडवी, तिने साठही ताटल्यांवर तितक्याच नेमक्या काढल्या. व्यापारी म्हणाला, बाईचे चार तुकडे केलेत. पहिली ताटली मीच डोळ्यांजवळ धरून पसंत केली होती, तेव्हा तिला एकटीला बोल लावू नकोस.

भट्टीत पक्की झालेली रेघ निघत नाही. जहाज दोन महिन्यांत सुटेल. तुझ्याकडून नवा माल तोवर पोचणार नाही. मिंगचू दिवसभर जेवली नाही. मी सांगितलं, रडायचं तर ताटल्यांपासून लांब बसून रड. संध्याकाळी येऊन म्हणाली, आत्या, रेघा जात नाहीत तर त्यांना खिडकीचे गज करू. घरात बसून पाहिलं तर बाई अशीच दिसेल.

नियम मोड असं म्हणायला माझी जीभ रेटेना. मी गुपचूप तपकिरी रंग घोटायला बसले. ताटल्या पुन्हा भट्टीत जातील.

प्रकृती सांभाळ, आणि पोरीवर विश्वास ठेव.

ताई


चिंगदेचेन, अकरावा महिना, तिथी सातवी

ती. ताईस सा. न. वि. वि.

खिडकी वाचून हसू आलं, पण ठरलं ते ठरलं. माल एकदा परत आला आहे. मी मुलाकडच्यांना शब्द दिला. मिंगचूला पहिल्या नावेने पाठव. तुझा खोकला कसा आहे?

लोभ कमी करू नकोस.

वेनथाओ


कँटन, बारावा महिना, तिथी नववी

चि. वेनथाओ यास अनेक आशीर्वाद.

शब्द परत घे. दोन ताटल्या भट्टीत तडकल्या. उरलेल्या अठ्ठावन्न व्यापाऱ्याने उचलल्या. व्यापाऱ्याने माल उचलला तर मिंगचू इथे राहील, असं तुझ्याच अक्षरात माझ्यासमोर आहे. कितव्या खेपेला, ते तू लिहिलेलं नाहीस. खोकला बरा आहे.

काल तो नवं चित्र घेऊन आला. या वेळी दोन फळ्यांमध्ये सपाट ठेवलेलं, एकही घडी नाही. त्याला यावरही खिडकी हवी आहे. तो गेल्यावर मिंगचू कागद उलटसुलट पाहत म्हणाली, आत्या, यात खिडकी कुठेच नाही.

मी म्हटलं, म्हणून तर तू इथे आहेस.

ऐंशी ताटल्या पाठव, आणि कोंबही.

ताई