सरांनी वर्गात घेतलेली निवडणूक

सर, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी बी.एड. करत होते. मैत्रिणीचा फोन आला होता. मला वाईट वाटलं नाही, राग आला. माझ्या हातून सुटलात, याचा राग. एक दिवस तुमच्यासमोर उभं राहून चार शब्द सुनवायचे, हे मी दहावीपासून ठरवून ठेवलं होतं आणि तुम्ही झोपेतच, आरामात गेलात.

नागपूरच्या आपल्या शाळेत तुम्ही आम्हाला दुसरं महायुद्ध शिकवत होता. शिकवायचात उत्तम, हे मला नाइलाजाने लिहावं लागतंय. त्या दिवशी धडा होता युद्धाच्या आधीच्या जर्मनीतल्या शेवटच्या संसदीय निवडणुकीचा. पक्ष एकच, उमेदवारांची यादी एकच, आणि ज्यूंना मतच नाही. "पाठ करून कळायचं नाही, करून बघा," असं म्हणून तुम्ही खडूचा डबा रिकामा केलात, ती मतपेटी. तुमचा मुलगा आमच्याच वर्गात, पहिल्या बाकावर. तो झाला निवडणूक अधिकारी. राहिला प्रश्न ज्यू कोण होणार याचा. तुम्ही चिठ्ठ्या टाकू शकला असता. खिडकीकडची रांग उठवू शकला असता. तुम्ही हजेरीपट उघडलात, आडनावांवरून बोट फिरवलंत आणि बौद्ध वस्तीतल्या आम्हा चौघींना एकेक करून उठवलंत. "भिंतीपाशी जा. तुम्हाला मत नाही." मी विचारलं, "सर, आम्हीच का?" तुम्ही वर पाहिलंही नाहीत. "तुम्हाला सवय असेल," म्हणालात, आणि अख्खा वर्ग हसला. डबा आमच्यासमोरून पुढे जातो, तुमचा मुलगा हसू दाबत चालतो आहे, माझ्या शेजारची मैत्रीण ओढणीत तोंड लपवून रडते आहे. तास संपेपर्यंत तुम्ही आम्हाला बसा म्हणाला नाहीत. ती मैत्रीण नंतर इतिहासाच्या तासाला आलीच नाही.

मी मात्र इतिहासच घेतला, तुमच्या नाकावर टिच्चून. आज इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या एका शाळेत तेच महायुद्ध शिकवते. आणि गेल्या महिन्यात, पेरेंट्स इव्हिनिंगला, माझ्यासमोरच्या खुर्चीत तुमचा मुलगा येऊन बसला. टक्कल पडलंय, आयटीत आहे, दोन वर्षांपूर्वी इकडे आला. त्याची मुलगी माझ्या वर्गात आहे; ती तेव्हा बाहेर मैत्रिणींबरोबर होती. "अगं, तू आपल्या वर्गातली ना?" म्हणाला, मग माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून "सॉरी, तुम्ही" अशी दुरुस्ती केली. "बाबांचं ते इलेक्शन आठवतं? डबा घेऊन मी फिरत होतो. व्हॉट अ टीचर! मुलीला मी नेहमी सांगतो, हिस्टरी तुझ्या ब्लडमध्येच आहे." मी शांतपणे विचारलं, "आणि भिंतीपाशी कोण होतं, आठवतं?" त्याने खरंच आठवून पाहिलं. "होतं ना कोणीतरी?" म्हणाला. त्या क्षणी मी ठरवलं की तुमचा हिशेब तुमच्या नातीकडून चुकता करून घ्यायचा.

अशी नाटकं वर्गात करू नका, असं इथे आम्हाला ट्रेनिंगमध्येच बजावतात. त्याला मी भीक घातली नसती. निवडणुकीचा तास जवळ आला तसं मी मनातल्या मनात तिला कितीदा तरी भिंतीपाशी उभं केलं, आणि खोटं कशाला बोलू, दर वेळी बरं वाटलं. पण परवा वर्गात हजेरी घेताना तिच्या आडनावाशी आले आणि मला तुमचं बोट दिसलं. तेव्हा नाटक रद्द केलं आणि त्याऐवजी तुमचा तास सांगितला. शहर सांगितलं नाही, नाव सांगितलं नाही. फक्त डबा, भिंत, आम्ही चौघी आणि तुमचं ते वाक्य. तास संपल्यावर तुमची नात टेबलापाशी थांबली, आणि तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "मिस, तो सर अजून आहे का? मला त्याला ईमेल लिहायची आहे. ही वॉज डिसगस्टिंग." मी म्हटलं, ते वारले. "गुड," ती म्हणाली.

सर, इतकं समाधान मला आयुष्यात फार कमी वेळा मिळालंय. तुमच्याच रक्ताच्या नातीने, तुमच्याच भाषेत, तुमची शोभा केली, आणि ती कोणाबद्दल बोलतेय हे तिला ठाऊकही नव्हतं. घरी जाताना मी राउंडअबाउटच्या गोलाला गाडीने उगाच एक फेरी जास्त मारली.

आता फक्त नाव सांगायचं राहिलंय. काल तुमच्या मुलाचा मेसेज आला, रविवारी जेवायला या. त्यांच्या हॉलमध्ये तुमचा हार घातलेला फोटो आहे म्हणे. त्या फोटोखाली उभं राहून एकच वाक्य बोलायचंय. दया येते म्हणून मी थांबलेय असं समजू नका, तुमची दया मला कधीच येणार नाही. पण वर्गात ती कोणा परक्या माणसाबद्दल बोलत होती. नाव कळल्यावर ती माझ्या बाजूने उभी राहील की तुमच्या, हे मला माहीत नाही, आणि इतकी वर्षं झाली तरी मला त्याची भीती वाटते. मेसेजला मी अजून उत्तर दिलेलं नाही.