तीस वॅट, शंभर वॅट

२० मार्च १९७७, रिठद

लाउडस्पीकरची नवी मशीन आणली. शंभर वॅट! आत एकही व्हॉल्व्ह नाही, बटण दाबलं की बोलायला तयार. सोबत दोन पेटी-स्पीकर. वाशीमचा दुकानदार शालिग्राम म्हणाला, चौदा एप्रिलच्या जयंतीपर्यंत वापरून पाहा, नाही पटली तर परत.

मी वॅटवर भाळणारा नाही. वॅट म्हणजे मशीन किती ताकद लावते ते. आवाज बाहेर किती पडतो ते भोंग्याच्या नरड्यावर.

पण मागल्या जयंतीला केनवडात नाक कापलं गेलं. तिथली रामीबाई तोंडावर म्हणाली, "भाऊ, आमी मांगच्या बायांनी नुसते हातवारेच पाह्यले." बायांच्या मागेच माझा जोडीदार शेषराव उभा होता, त्यानं तर सगळं ठीक म्हणून हात केला होता. वाऱ्यानं आवाज ओढला असेल. यंदा पुन्हा तसंच झालं तर काम त्या दुसऱ्या भोंगेवाल्या इंद्रभानकडे जाणार.

२१ मार्च

आमच्या पद्धतीनं परीक्षा घेतली. मशीन लावून मी निंबावर चढून पाहणार, शेषराव केनवडच्या रस्त्यानं चालत जाणार. आवाज विरला की त्यानं दुपट्टा वर करायचा.

जुनी तीस वॅटची, भोंग्यावर — पुलाजवळच्या बाभळीपाशी दुपट्टा वर.
नवी, पेट्यांवर — तीच बाभूळ!

म्हणजे पेट्याच आवाज गिळतात.

२३ मार्च

नवी मशीन भोंग्यावर जोडली. घरांवरची टिनं थरथरली, गंगूची म्हैस दावं तोडून पळाली. दुपट्टा? त्याच बाभळीपाशी.

तडक वाशीमला गेलो, मशीन काउंटरवर आदळली. शालिग्राम शांतपणे म्हणाला, "काका, दुसऱ्याच्या कानानं मशीन पारखता काय?"

लय राग आला. मशीन उचलून परत आलो.

२५ मार्च

शेषराव घुम्यासारखा वागतो. हाक मारली तरी वळत नाही. त्याची बायको अंजना म्हणाली, "घरी बी तसंच. इचारलं एक, सांगते दुसरंच." जुनी मशीन मी विकीन म्हणून रुसला असेल. तीच बैलबंडीत घालून दोघं गावोगाव फिरलो, एका भाकरीचे दोन तुकडे केले. म्हटलं, "बाबू, जुनी नाई इकत मी." तो नुसता हसला.

शालिग्रामचं बोलणं डोक्यातून जात नाही.

२७ मार्च

आज मशीन सुरूच केली नाही. निंबावर चढून गप बसलो. शेषराव रस्त्यानं गेला, बाभळीपाशी थांबला, कान देऊन उभा राहिला — अन् दुपट्टा वर केला.