संख्या : एक

१२ डिसेंबर
आले एकदाची. लारूच्या खाणावळीमागची खोली मिळाली. खिडकीतून लाल कडे दिसतात, गरम पाणी भरपूर, आणखी काय हवं? न्याहारी मी वाढायची, मंगळवार-शुक्रवार सुट्टी. लारूने आल्या आल्या तळलेली गरम पोळी मध-लोणी लावून पुढ्यात ठेवली आणि वय विचारलं. सत्तावन्न म्हटल्यावर म्हणाली, मग अजून पोरच आहेस की.

ही वही मुद्दाम छोटी घेतली, कोटाच्या खिशात मावते. एकतीस वर्षं नवऱ्याने, ड्वेनने, मला कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटीला जाऊ दिलं नाही. 'आम्ही दोघं' हे त्याचं पालुपद. आता तो त्याच्या घरी, मी माझ्या. मंगळवारी त्या कड्यांमधल्या घळीत जाणार आहे, एकटी.

१६ डिसेंबर
घळीच्या तोंडाशी खांबावर लोखंडी पेटी आहे. आत नोंदवही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. नाव, संख्या, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. संध्याकाळी लारूचा भाऊ थेन वही बघतो. कुणी बाहेर पडल्याची नोंद नसली की शोधायला निघतात. मी ठसठशीत 'एक' लिहिलं. तो आकडा लिहिताना काय बरं वाटलं ते ड्वेनला जन्मात कळायचं नाही.

ओढा गोठलेला. बुटांना काटे लावून बर्फावरून कुरकुरत चालले. एका ठिकाणी घळ इतकी अरुंद की अंग तिरकं करूनच शिरावं लागतं. तीन वाजता ऊन गेलं आणि थंडी हाडात शिरली. बाहेर पडताना मागची पानं चाळली. हिवाळ्यातल्या सगळ्या नोंदी 'दोन'. थेनच्यासुद्धा, आणि तो तर नेहमी एकटा जातो.

१७ डिसेंबर
थेनला विचारलं. सत्तरीचा माणूस, जन्म गुरांमागे गेलेला, कॉफीत बुडवल्याशिवाय काही खात नाही. म्हणाला, हिवाळ्यात आत दुसरं कुणीतरी सोबत धरतं. दोन लिहिलं की त्याला त्याची जागा मिळते. पेटीपर्यंत सोबत येतं आणि तिथून मागे फिरतं. एक लिहिलं तर एकच बाहेर पडणार.

मी म्हटलं, मग बरंच की, मीच पडेन.

"ती एक तूच असशील, हे तुला कुणी सांगितलं, पोरी?"

लारू हसली नाही. मी मात्र पोटभर हसले.

२३ डिसेंबर
परतताना माझ्या पावलांशेजारी दुसरी पावलं. माझ्याच बुटाची, डावी टाच झिजलेली. गेल्या आठवड्यातली माझीच असणार. पण रविवारी ताजं बर्फ पडलं होतं. असेल काहीतरी.

२६ डिसेंबर
थेनने खाणावळीत सगळ्यांसमोर विचारलं, तीन वाजता पेटीपाशी मी तुला हात केला तर बघितलंस का नाही? मी बाहेर आले चार वाजता. म्हातारा म्हणाला की तुझीच लाल टोपी होती, तूच होतीस. म्हटलं, चष्मा बदला. मग नोंदवही बघायला गेले तर माझा 'एक' खोडून 'दोन' केलेला. तो म्हणाला, तुझ्यासाठीच केलं.

माझ्यासाठी. हे शब्द एकतीस वर्षं ऐकलेत मी. पेनने गिरवून पुन्हा 'एक' केला. संताप संताप झाला.

२ जानेवारी
सगळी वाट कुणीतरी मागून चाललं. मी थांबले की थांबायचं. श्वास ऐकू यायचा. भीती वाटली, खोटं कशाला लिहू. अरुंद जागेत मोठ्याने सांगितलं: मला सोबत नको आहे. बाहेर आले. 'एक.'

लारूने रात्रीच्या जेवणाला बोलावलं आणि माझा हात धरून बसली. म्हणाली, एक आकडा लिही, बाई, तुझं काय जातं? रडू आलं. माझं सगळंच जातं, लारू.

६ जानेवारी, १०.२०
लिहिलं. नोरीन टॅलबट. संख्या एक. थेन खाली रस्त्याच्या फाटकाशी उभा. मी मान वर करून आत शिरले.

१२.४५
मागे कुणी नाही. आज अजिबात नाही. जिंकले बहुतेक. संत्रं खाल्लं.

२.१०
टोपी सापडत नाही. दगडावर ठेवली होती.

२.३०
अरुंद जागेपलीकडे पावलं. माझी. बाहेरच्या दिशेने, माझ्या पुढे. आत येणारी फक्त एक रांग, माझी. जाणारी मी अजून उमटवलीच नाही —
गाडीची किल्ली खिशात नाही.

३.०५
पळते आहे. बर्फावर घसरले. गुडघा —
थांबायचं नाही.

४.१०
पेटी. वही उघडली. बाहेर आल्याची वेळ, ३.४०. अक्षर माझं. संख्या एक.

खाली माझी गाडी निघाली आहे. खिडकीतून लाल टोपी. थेनने हात केला. आज तिने उलट हात केला. तो हसला, सुटल्यासारखा. फाटक लावलं.

घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. त्याने वळून पाहिलं नाही. आज कुणी शोधायला येणार नाही. वहीप्रमाणे सगळे बाहेर पडलेत.

४.२५
पेटीपलीकडे दहा पावलं चालून पाहिलं. मागे वळले. बर्फावर ठसा नाही. पेटीच्या अलीकडे उमटतात, पलीकडे नाही.

पेन्सिल हातात आहे. दोन लिहिलं तर कदाचित अजूनही. पुढच्या माणसाची सोबत होऊन पेटीपर्यंत यायचं आणि मागे फिरायचं, एवढी जागा मिळेल. कुणाची तरी दुसरी.

नाही.

तिची वेळ खोडली. त्याखाली लिहिते आहे, दाबून, कागद फाटला तरी. नोरीन टॅलबट. संख्या एक. अजून आत. जी गेली ती मी नाही. एक मी आहे. मी ए—