परकर घातलेला डबा

प्रिय ठमे,

आत्याकडे दिवसभर झोपतेस, असं कळलं. झोप. इकडे तुझ्या बचाव केंद्राच्या साहेबबाईंनी मला कामाला लावलंय. ताडपत्र्या न् बोटींची आवरणं शिवण्यात माझी हयात गेली, पण तरंगत्या डब्यांना परकर शिवायची ऑर्डर पहिल्यांदाच आली!

आता मला कुठलं गप्प बसवतंय? डब्यात जागा कळवणारं यंत्र असतं, हे समजलं. पण पाण्याखाली कापडाचा एवढा घोळ कशाला? बाई म्हणाल्या, काका, बोटीवर चला, दाखवते. गेलो. एक डबा परकरासकट सोडला, एक नुसता. आधी दोघं जोडीनं डुलत होते. मग वारा सुटला आणि नुसता डबा उंडारत किनाऱ्याकडे निघाला. परकरवाला मात्र वाऱ्याला भीक न घालता, पाणी नेईल तसा पार उलट्या बाजूला. आमचं जेवण उरकेपर्यंत दोन्ही एका नजरेत मावेनात.

घास माझ्या हातातच राहिला. त्या दिवशी रिकामी होडी सापडली आणि तिच्याच आसपास तुम्ही पाण्यात पडलेल्या त्या खलाशाला शोधत राहिलात; तो गेला. होडीला वारा नेत होता, त्याला पाणी. मीच आकडे मांडून बोटी चुकीच्या जागी पाठवल्या म्हणत तू सामान बांधलंस.

मग बाईंना खोदून खोदून विचारलं. तिथलं पाणी कुठं वाहतं, हे तोवर कुणी मोजलेलंच नव्हतं. मोजा, मोजा म्हणून सगळ्यांचं डोकं खाणारी तू एकटी. हे डबेही तुझ्याच मागणीचे. बापाला बोलली नाहीस ते, कार्टे!

परवा शेडबाहेर चहा पिताना त्या खलाशाचा धाकटा भाऊ मेकॅनिकशी बोलत होता. माझे कान तुला ठाऊकच आहेत. तो पुन्हा समुद्रावर जायला लागलाय. म्हणाला, ती आकडेवाली ताई रजेवर आहे म्हणे. ती येईस्तोवर बुडायचं नाही, असं ठरवलंय मी. सगळे हसले. तो हसला नाही. मग आत आला, एका परकराची शिवण दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि एवढंच म्हणाला, काका, घट्ट शिवा.

शिवतोय. सोमवारी डबे पाण्यात जातील. सोडायला कुणीही चालेल; ते कुठं निघालेत, हे बघायला तू लागशील. बाईंनी मला लिहायला सांगितलेलं नाही. त्या माणसानं बुडायचं तुझ्यासाठी लांबणीवर टाकलंय, तेवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

सुईत दोरा ओवून द्यायला कुणी नसलेला,
तुझाच,
बाबा