खालच्या गल्लीचा तक्ता

२ मार्च

खरी गोष्ट खोट्या नावाने सांगितली तर ती किती खरी राहते? सकाळपासून डोक्यात हेच घोळतंय. 

कट्ट्यावर मी 'आरसा' आहे. झेरॉक्सवाल्याने गावासाठी ही साइट काढली तेव्हा नियम एकच ठेवला — प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचं, आणि खरं नाव त्याच्याशिवाय कुणाला कळणार नाही. त्याचं म्हणणं, 'खऱ्या नावाने माणूस फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो.'

चुकीचं नाही म्हणत तो. 'तोफखाना' रोज कुणावर तरी धडाडतो. एरवी तो रस्त्यात कुत्र्यालाही वाट देत असेल, असा माझा अंदाज. 'सहज विचारलं' नावाचे एक गृहस्थ आहेत. ते सहज विचारतात आणि तीन दिवस वणवा पेटतो. आज त्यांनी विचारलं, 'खालच्या गल्लीला पाणी जास्त वेळ सोडतात म्हणे, खरं का?' तासाभरात एकशे बारा उत्तरं. टोमणे, शिव्या, एकमेकांच्या आजोबांपर्यंत मजल. आकडा मात्र एकाकडेही नाही.

आकडा मी काढणार. 'पाणी आलं का?' या धाग्यावर लोक रोज लिहितातच — नळ कधी आला, कधी गेला. सगळं तिथेच पडलंय, जुळवलं कुणी नाही एवढंच. पदवी घेतली ती कशासाठी मग?

असो.

५ मार्च

तक्ता झाला. पाणी आलेले एकवीस दिवस. वरची गल्ली — पन्नास, पंचावन्न मिनिटं. खालची गल्ली — एक तास पंचवीस, कधी त्याहूनही जास्त. नगरपालिकेचा नियम दोन्हीकडे बरोबर एक तास. चावी फिरवणारा माणूस एकच, व्हॉल्वमन. आणि तो राहतो खालच्या गल्लीत.

हातातलं पेन खाली ठेवलं. व्हॉल्वमन म्हणजे आमचे काका. सख्खे नव्हेत, बाबांचे दोस्त. माझ्या शेवटच्या पेपरला बस आली नाही तेव्हा त्यांनी सायकलवर डबलसीट नेलं होतं. चढावर उतरून ढकलत. 'पास झालीस तर अर्धी पदवी या सायकलची,' म्हणाले होते.

पण ओळखीचे म्हणून सोडायचं? मग इतरांत आणि माझ्यात फरक काय राहिला?

बाबा नळजोडणीच्या कामावरून आले होते, हातपाय धुऊन मागे उभे. 'काय एवढं मांडलंयस?'

'पाण्याचा तक्ता आहे.'

'बघू. पाण्यातलं मला थोडंफार —'

'बाबा, हे पाइप जोडण्यासारखं नसतं. तुम्हाला नाही कळायचं.'

ते शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत राहिले. मग चहा घ्यायला आत गेले.

तक्ता टाकला. काकांचं नाव लिहिलं नाही. शेवटी एवढंच — 'चावी ज्याच्या हातात, पाणी त्याच्या दारात. मी काही म्हणत नाही, आकडे म्हणताहेत. असो.'

६ मार्च

तीनशे चाळीस उत्तरं! तोफखान्याने लिहिलं, 'आरशाने गावाचं तोंड गावाला दाखवलं.' आईला वाचून दाखवलं, लिहिणारं कोण ते न सांगता. ती भाजी निवडत होती.

'शिकलेलं दिसतंय कुणीतरी. पण त्या माणसाला आधी विचारलं का?'

'आकड्यांपुढे काय विचारायचं, आई?'

'मला काय ठाऊक. मी आपली विचारते. भाजी घेतानासुद्धा विचारते.'

९ मार्च

कट्ट्यावर नवीन सभासद आलाय, 'पाना'. एकच मजकूर लिहिलाय त्याने. तो इथे उतरवून ठेवते, कारण राग आलाय —

'वरच्या गल्लीत पाइप भरायलाच पाच-दहा मिनिटं जातात, आणि चावी बंद झाली की नळ लगेच कोरडा. खालच्या गल्लीला लांब उतार आहे. चावी बंद केल्यावर पाइपात राहिलेलं पाणी तिथल्या नळांतून उतरत राहतं. वीस-पंचवीस मिनिटं. नळ चालू म्हणजे चावी चालू नव्हे. माणूस सरळ आहे. मी तीस वर्षं हेच काम करतो.'

तोफखान्याने लगेच डागली, 'पान्याने नट आवळावेत.' लोक हसले. माझ्याकडे सगळे बघणार, आरसा काय म्हणतो. मी लिहिलं —

'तीस वर्षांचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. मैत्री बाजूला ठेवून बोलावं. आकडे वाचता येत नसतील तर निदान गप्प राहावं. असो.'

दोनशे जणांना आवडलं. पाना परत आला नाही.

११ मार्च

काकांच्या दारावर कुणीतरी कोळशाने लिहिलंय — पाणीचोर. काकू घासणी घेऊन पुसत होत्या. मी रस्ता बदलला.

१३ मार्च

काकांना कामावरून थांबवलं. सव्वीसला सुनावणी आहे. नोटिशीला 'नागरिकांनी प्रसिद्ध केलेला तक्ता' जोडलाय. माझा. माझ्याच ओळी, माझ्याच चौकटी, वर नगरपालिकेचा शिक्का.

आईकडून कळलं — काका बावीस वर्षं रोजंदारीवर आहेत, या महिन्याच्या शेवटी कायम व्हायचे होते. कागद वरच्या साहेबाच्या टेबलावर गेला होता. सुनावणीत दोषी ठरले तर तो कागदही गेला आणि कामही.

मी न्यायच तर मागितला होता. 

१५ मार्च

जेवताना बाबा एकदम म्हणाले, 'तुमच्या त्या कट्ट्यावर आरसा म्हणून कुणी आहे. ओळखतेस?'

घास तसाच राहिला. 'तिथे कुणाला कुणी ओळखत नाही.'

'शिकलेला आहे. मी तिथे दोन ओळी लिहिल्या. झेरॉक्सवाल्याने नाव काढून दिलं, पाना. तर हा म्हणाला, आकडे वाचता येत नसतील तर गप्प राहावं.' ते पाणी प्यायले. 'खरं आहे म्हणा. मला कुठे येतात.'

आई म्हणाली, 'कोण मेला तो! समोर येऊन बोल म्हणावं.'

'अगं, जाऊ दे. लहान असेल.' आणि माझ्याकडे बघून, 'तुला काय वाटतं?'

मी म्हटलं, 'आमटी वाढ ना, आई.'

मी हे म्हटलं. आमटी वाढ.

१६ मार्च

काही नाही.

१८ मार्च

घड्याळ घेऊन खालच्या गल्लीतल्या सार्वजनिक नळापाशी गेले. आता चावी नवीन माणसाकडे आहे. तो दुसऱ्या टोकाला राहतो, या गल्लीत त्याचं कुत्रंही नाही. टाकीपाशी जाऊन त्याला आधीच विचारलं होतं, बंद कधी करणार? 'सातला. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. हल्ली गावात सगळेच घड्याळं लावून बसलेत.'

सात वाजले. नळ चालू. सात दहा, चालू. धार बारीक होत गेली. सात चोवीसला शेवटचा थेंब.

शेजारची बाई बादली उचलत म्हणाली, 'हे असंच असतं गं. मागचं पाणी उतरतं. लहान पोरांनासुद्धा ठाऊक आहे.'

सगळ्या खालच्या गल्लीला ठाऊक होतं. बाबांना ठाऊक होतं. एकवीस दिवसांच्या बेचाळीस नोंदी मी जुळवल्या, पण एकदाही चालत येऊन नळापाशी उभी राहिले नाही.

२० मार्च

काल पुन्हा जाऊन मोजलं, आजही. चोवीस मिनिटं, मग तेवीस. आता शंका नाही.

झेरॉक्सवाल्याकडे गेले. कुणाच्या तरी घराचे कागद मशीनवर लावत होता.

'तुला माहीत होतं पाना कोण आहे ते?'

'दोघंही माहीत होते.'

'आणि मला लिहू दिलंस?'

'ताई, नियम म्हणजे नियम. एकाचं नाव दुसऱ्याला सांगायचं नाही. मला वाटलं, एका घरात राहता, बोलला असाल.' कागद उलटा करून परत लावला. मग हळूच, 'तुम्हाला नको असेल तर तो धागा उडवून टाकतो. एक बटण. तक्ता नाही, आरसा नाही, काही झालंच नाही. कुणाला कळणारही नाही.'

'नोटिशीला जोडलाय तो.'

'तिथे तुमचं नाव कुठे आहे?'

घरी येईपर्यंत तेच बटण डोळ्यांपुढे होतं.

२१ मार्च

उडवलं नाही. आरसा म्हणूनच लिहिलं — माझी चूक झाली, नळ चालू राहतो तो उतारामुळे, हे तीन दिवसांचे आकडे.

उत्तरं:

'आरसा फुटला.'

'कुणी गप्प केलं रे?'

'सहज विचारतो, आरसा व्हॉल्वमनचा जावई तर नाही ना?'

आणि तोफखाना — 'ज्याला स्वतःचं नाव सांगायची हिंमत नाही त्याचं काय ऐकायचं?'

तक्ता टाकला तेव्हाही मला नाव नव्हतं. तेव्हा कुणी विचारलं नाही.

२३ मार्च

काकांकडे गेले. दारावरचं अक्षर पुसलंय, पण घासलेला भाग बाकीच्या रंगापेक्षा उजळ झालाय. लांबूनही वाचता येतं.

काका खाटेवर बसले होते. ती लांब लोखंडी चावी कोपऱ्यात नव्हती. बावीस वर्षं तिथेच असायची. म्हणाले, 'ये. पदवीवाली आली. अर्धी माझी.'

मी सांगायला गेले होते. 'काका, सुनावणीला मी —'

'मी जाणारच नाही गं.'

काकू आतून म्हणाल्या, 'जात नाहीत म्हणतात. मी डोकं फोडून घेतलं.'

'जाऊन काय सांगू? पाणी खाली वाहतं, हे सांगू साहेबाला?' ते हसले, पण नीट जमलं नाही. 'पहाटे निघायचो तेव्हा खिडकीतून हाक यायची — आलास का रे बाबा. आता खिडकीत घड्याळ घेऊन उभे राहतील. परत ठेवलं तरी त्या चावीला हात नाही लागायचा माझा. '

'पण तुमची चूक नाही.'

'ते तुला ठाऊक, तुझ्या बापाला ठाऊक. बास की.'

काकूंनी चहा आणला. मी प्यायले. न सांगता परत आले. सांगून टाकावं म्हणून दोनदा गल्लीच्या तोंडापासून मागे वळले, आणि दोन्ही वेळा तो उजळ भाग दिसला.

२५ मार्च

उद्या अकराला सुनावणी. बाबा जाणार आहेत, काका आले नाहीत तरी. इस्त्री केलेला शर्ट काढून ठेवलाय. मला म्हणाले, 'मला तिथे बोलता येईल का गं? साहेबांपुढे माझी जीभ वळत नाही.'

मी म्हटलं, 'येईल.' आणि पुढचं वाक्य तोंडात आलं होतं. तेवढ्यात आईने हाक मारली — किंवा मीच तिने हाक मारावी अशी वाट बघत होते.

२६ मार्च

सांगितलं. सगळ्यांसमोर, उभी राहून, पूर्ण नाव. तक्ता माझा, चूक माझी, हे नवे आकडे. अधिकारी बाईंनी लिहून घेतलं, मी सही केली. काका निर्दोष. कामावर परत या म्हणून पत्र जाईल. ते येणार नाहीत.

मागच्या बाकावर कुणीतरी म्हणालं, 'हीच का ती?' आवाज मऊ होता. बहुतेक तोफखाना. वळून पाहिलं नाही.

बाहेर पायरीवर बाबांना म्हटलं, 'तुम्हाला गप्प राहा म्हणाले ती मी होते.'

'ठाऊक आहे.'

'कधीपासून?'

'तक्ता वाचला तेव्हापासून. शेवटी 'असो' लिहिणारं आपल्या घरात दुसरं कोण आहे? शाळेतल्या निबंधातसुद्धा लिहायचीस.'

'मग तिथे कशाला लिहिलंत, बाबा? मला घरीच —'

'घरी दाखवलं नाहीस ना. म्हणून तिथे आलो.'

 दोघं घरापर्यंत चालत आलो.

तो धागा उडवला नाही. आरसा हे खातं बंद केलं, आणि त्याआधी तक्त्याखाली माझं पूर्ण नाव लिहिलं. बाबांना विचारून — त्यांचंही नाव त्यात येतं ना.