वेन्झेलची तुटकी चौकट

ओहायो,
ऑक्टोबरातला रविवार, चर्चनंतर

प्रिय लोरीनताई,

धाकट्या भावाचा नमस्कार घे आणि रागावू नकोस, कारण हे पत्र लांबणार आहे. तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत तो बरा होईल म्हणून तू तिकडे गेलीस आणि आता त्याच्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे एक तर तो बरा झाला, नाहीतर दुसऱ्याने डोकं वर काढलं असणार. (तुझ्या मागच्या पत्रात निवडुंगाचं चित्र होतं आणि खाली फक्त ‘इथे छान ऊन आहे’ एवढंच. ऊन इथेही असतं हो ताई, जुलैत.) आमच्याकडे सगळं ठीक. माझं ब्लडप्रेशर डॉक्टरच्या मते जास्त आहे आणि माझ्या मते वयाला शोभेसं आहे. वर्ना ठणठणीत आहे. ती इतकी ठणठणीत आहे म्हणूनच हे पत्र लिहायची वेळ आली.

झालं असं, की आपला हार्लन, माझा जन्माचा दोस्त, खुब्याचं ऑपरेशन करून घ्यायला कोलंबसला गेला. त्याची मार्जीन वारल्यापासून तो घर सोडून कुठे गेलाच नव्हता. जाताना घराची किल्ली त्याने माझ्या हातावर अशी टाकली, जशी काही ती शेंगदाण्याची टरफलं आहेत. पण त्याचा तो बुटाच्या खोक्यातला बेसबॉल खेळाडूंच्या चित्रकार्डांचा संसार देताना मात्र पायरीवर उभं राहून मला भाषण दिलं. ऊन लागू द्यायचं नाही, ओल लागू द्यायची नाही, माझ्या नातवंडांना तर खोकं आहे हेसुद्धा कळू द्यायचं नाही. ‘आणि डेल, वेन्झेलला हात लावायचा नाही. बघायचाच असला तर लांबून बघ,’ असं म्हणाला आणि टॅक्सीत बसता बसता पुन्हा एकदा बोट दाखवून गेला.

तुला त्या कार्डांच्या पाकिटांतलं च्युइंगम तेवढं कळायचं, म्हणून वेन्झेलचं प्रकरण नीट सांगतो. कंपनी काही सगळी कार्डं एकदम छापत नसे. हप्त्याहप्त्याने छापायची. पहिला हप्ता दुकानात यायचा तेव्हा गल्लीत अजून बर्फाचा चिखल असायचा आणि शेवटचा यायचा तेव्हा पोरांचं लक्ष बेसबॉलवरून पार उडून फुटबॉलकडे लागलेलं असायचं. म्हणून औषधवाला ऑस्ट्रँडर कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, ‘अरे, मागचीच खोकी पडून आहेत, ही आता कुणाच्या गळ्यात मारू?’ आणि जेमतेम एक खोकं ठेवून घ्यायचा. सगळ्या देशातले ऑस्ट्रँडर असंच करायचे, त्यामुळे शेवटच्या हप्त्यातली कार्डं आज दिवा घेऊन शोधावी लागतात. आणि आपल्या गावचा क्लाईड वेन्झेल, जो एकच उन्हाळा मोठ्या संघात चेंडू टाकून आला आणि मग जन्मभर टायर विकत बसला, तो नेमका त्या शेवटच्या हप्त्यात. त्यात पुन्हा सुरुवातीच्या छपाईत काळी शाई कुठेतरी अडली आणि त्याच्या नावाभोवतीची चौकट उजव्या बाजूला तुटली. चार दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात आलं, त्यांनी यंत्र नीट केलं, पुढचे वेन्झेल सबंध चौकटीचे निघाले. सबंध चौकटीचा वेन्झेल दुर्मीळ, आणि तुटक्या चौकटीचा म्हणजे तर विचारूच नकोस. (जगात सगळीकडे धडक्या वस्तूला किंमत असते. आम्हा कार्डवाल्यांत बिघडलेल्या वस्तूला असते. मी स्वतः काचकारखान्यात चाळीस वर्षं तडा गेलेल्या बाटल्या वेचून टाकल्या, म्हणून मला हे अजूनही पचत नाही.)

पण हार्लनचा जीव चौकटीत अडकलेला नाही, हे तुला माहीत आहे. ते कार्ड मार्जीनने दिलेलं. त्या वर्षी उन्हाळा सरता सरता तिच्या वडिलांना आपल्या कारखान्यात नोकरी लागली आणि ही वेण्या घातलेली नवी मुलगी ऑस्ट्रँडरच्या पायरीवर पाकीट फोडून बसली होती. तिने च्युइंगम तोंडात टाकलं आणि समोर उभ्या असलेल्या हार्लनला कार्ड देऊन म्हणाली, ‘हा माणूस माझ्या ओळखीचा नाही. तूच घे.’ तिने त्याला दिलेली ही पहिली वस्तू, आणि पुढे लग्न करून तर तिने सगळंच दिलं. हार्लन म्हणतो, हे ऑगस्टात झालं, शाळा उघडायच्या आधी. मी म्हणतो, शेवटचा हप्ता शाळा उघडायच्या आधी आपल्या गावात कधी आलेलाच नाही. तो म्हणतो, त्या वर्षी आला. हे भांडण आम्ही लग्नांत केलं, बारशांत केलं, थँक्सगिव्हिंगच्या टर्कीवर केलं. मार्जीनला साक्षीला बोलावलं की ती म्हणायची, ‘मला फक्त ते गम आठवतंय. दगडासारखं होतं,’ आणि रश्श्याचं भांडं आमच्या दोघांच्या मध्ये आणून ठेवायची. ती गेल्यावर मी तो विषय काढायचा सोडला. हार्लनने सोडला नाही.

तर गेल्या मंगळवारी मी वेन्झेलला लांबून बघावं म्हणून जेवणाच्या टेबलावर काढून ठेवला. लांबून बघायला चष्मा लागतो, म्हणून चष्मा शोधायला आत गेलो. (चष्मा कपाळावर होता. त्यात वेळ गेला.) परत आलो तर वर्ना टेबलाशी बसलेली, डाव्या हातात शिवणाची पट्टी आणि उजव्या हातात तिचं ते पेन. तू तिचं पेन पाहिलेलं नाहीस. ती वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांचे कपडे धुवायला मदत करते ना, तर कुणाचा पायमोजा कुणाकडे जाऊ नये म्हणून त्यावर नावं घालायचं ते काळं पेन. उकळत्या पाण्यात जात नाही, साबणाने जात नाही. माणूस जातो पण पायमोज्यावरचं नाव राहतं.

‘बिचाऱ्याची एक बाजूच छापायची राहिली होती,’ वर्ना म्हणाली. ‘मी करून टाकली. बघ, कळतसुद्धा नाही.’

ताई, खरंच कळत नव्हतं. इतकी सरळ रेघ त्या छापखान्यालाही जमली नव्हती. मी तिला सगळं सांगितलं, हप्ते, शाई, चौकट, तर ती म्हणाली, ‘म्हणजे तुमच्याकडे चूक तशीच ठेवायची पद्धत आहे? मग तू भिंतीवरची वाकडी फळी इतकी वर्षं ठेवलीस ती संग्रहासाठी का?’ पण मार्जीनचं नाव निघाल्यावर तिने पेनाला टोपण लावलं आणि उगाचच ओटा पुसत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती ओटा पुन्हा पुन्हा पुसते तेव्हा काय होत असतं ते मला कळतं.

शनिवारी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये कार्डांचा बाजार भरतो, तिथे मी वेन्झेलला घेऊन गेलो. पिंकस म्हणून एक व्यापारी आहे, डोळ्याला भिंग लावूनच जन्मला असावा. त्याने कार्ड उलटंसुलटं केलं, हुंगलं, रेघ पाहिली, मग भिंग काढून माझ्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. ‘अहो, साध्या कार्डाचं दुर्मीळ कार्ड करणारे चोर मी पुष्कळ पाहिलेत. दुर्मीळ कार्डाचं साधं करणारा माणूस आज पहिल्यांदा भेटला!’ असं म्हणून त्याने शेजारच्या टेबलवाल्यांनाही बोलावून मला दाखवलं. रेघ पुसता येईल का विचारलं तर म्हणाला, रेघेबरोबर वेन्झेलही पुसला जाईल. तुटक्या चौकटीचा दुसरा त्याच्याकडे नाही आणि त्याने जन्मात एकच पाहिलाय, तो म्हणजे मी आणलेला.

तेव्हा मला तू आठवलीस. तूही तेव्हा ऑस्ट्रँडरच्या त्याच खोक्यातली पाकिटं घ्यायचीस आणि कार्डं सायकलच्या आऱ्यांना कपड्याच्या चिमट्याने लावून फटफटी केल्यासारखी गावभर फिरायचीस. त्यातला एखादा तुटक्या चौकटीचा वेन्झेल तुझ्या सामानात, आईच्या बटणांच्या डब्याखाली वगैरे, पडलेला असेल तर पाहा आणि असेल तसा पाठव. आऱ्यांनी दोन-चार दात मारलेले असले तरी चालेल. हार्लन येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही. (वर्ना म्हणते उतरतो, पण ती फक्त ताट बघते.)

मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला आराम.

तुझा,
डेलबर्ट

ता. क. पाठवशील तो वेन्झेल मागून गम चिकटून डागाळलेला असला तर फारच उत्तम. हार्लनच्या कार्डाच्या पाठीवर गमचा चौकोनी तपकिरी डाग आहे आणि तो त्याला पाठ आहे. डाग नसला तर स्वतः पाडायला जाऊ नकोस. घरात एक सुधारक आहे तेवढी पुरे.

ता. क. २. कार्ड शोधू नकोस. वरचं लिहून पाकीट मिटत होतो तोच हार्लन काठी टेकत दारात हजर. दवाखान्याने लवकर सोडलं. (त्याच्या गप्पांपुढे हात टेकले असावेत.) मी थाप मारायला तोंड उघडलं, पण वर्नाने हात पुसत पुढे होऊन सरळ सांगून टाकलं, ‘हार्लन, तुझ्या त्या माणसाची चौकट तुटली होती, ती मी जोडली. मला माहीत नव्हतं रे.’ हार्लनने कार्ड घेतलं आणि पालथं केलं. डाग होता तिथेच होता. त्यावरून त्याने अंगठा फिरवला आणि कार्ड शर्टाच्या खिशात घातलं. ‘अरे, पुढून बघ तरी,’ मीच म्हणालो. तर म्हणतो, ‘पुढून कशाला बघू? वेन्झेलकडून टायर घेतलेत मी डेल, त्याचं तोंड मला माहीत आहे.’ मग म्हणाला, मार्जीन असती तर तिनेही जोडली असती. नंतर त्याला डोळे पुसायला रुमाल लागला. वर्नाने माझा दिला, त्यावर कोपऱ्यात त्याच पेनाने माझं नाव घातलेलं आहे.

ता. क. ३. आता खरं काम. जेवताना मी त्याला म्हणालो की तुझंच बरोबर, तो हप्ता शाळा उघडायच्या आधी आला होता. त्याने काटा खाली ठेवला. ‘माझी कीव करू नकोस. मी लोरीनला विचारीन, ती खोटं बोलत नाही.’ तेव्हा तुला त्याचा फोन येईल. तुला आठवतंय आणि मलाही आठवतंय, शाळा केव्हाच सुरू झाली होती, पायरीवर पानं पडली होती आणि मार्जीनच्या अंगात तो लाल स्वेटर होता. पण तू ऑगस्ट सांग. छान ऊन होतं म्हणून सांग, ऊन तुला हल्ली चांगलं जमतं. मार्जीनबरोबरचा एक महिना त्याला जास्त मिळतोय ताई, मिळू दे.