मबरूकाआजींची कवळी

काबेस, बुधवार

लाडक्या आईला हेन्दाचा सलाम,

आमच्या दंतवैद्यक विभागाची नवी इमारत अखेर सुरू झाली! पहिल्याच दिवशी आम्ही विद्यार्थ्यांनी गावाकडच्या म्हाताऱ्यांना फुकट कवळ्या बसवल्या. माझ्या वाट्याला मबरूकाआजी आल्या. कवळी बसताच आजींनी पावाची कडक कड कचकन तोडली आणि म्हणाल्या, "आता सुनेला नीट झापता येईल!"

सोबत आलेली सून ओरडली, "डॉक्टरीणबाई, काढून घ्या ती परत!"

सगळे खो-खो हसले. सरांनीही मला 'डॉक्टर' म्हणूनच हाक मारली, आई!

मी वेळेवर जेवते, बहुतेक दिवशी. बाबांचा खोकला कमी झाला का?

आणि तू अजून तोंडावर ओढणी धरूनच हसतेस ना? सुट्टी लागायच्या आत इकडे ये. तुझ्या कवळीचं माप मीच घेणार.

तुझीच,
हेन्दा